जुनी गाडी हाती आलीय? पहिल्या रविवारी बॉनेट उघडा

बाबांची गाडी माझ्याकडे आली तेव्हा ती अकरा वर्षांची होती. २००८ची छोटी पेट्रोल गाडी, मीटरवर ८२ हजार किलोमीटर, सीटकव्हरवर डागही नाही. तीन महिन्यांनी चिपळूणहून कराडला निघालो आणि कुंभार्ली घाटात, अर्ध्या चढावर, बॉनेटच्या फटीतून वाफ यायला लागली. मागच्या सीटवर आई आणि पाच वर्षांची मुलगी. इंजिनकडून रेडिएटरकडे जाणारा वरचा रबरी होज फाटला होता. दोन तास आम्ही कठड्याजवळ बसून काढले.

टोइंगवाल्या दादांनी नंतर तो होज माझ्या हातात ठेवला. एका टोकाला फुगून मऊ पडलेला, दुसऱ्या टोकाला दाबला की चिरा दिसत होत्या. म्हणजे तो त्या दिवशी फाटला, पण सडत होता केव्हापासून. त्याआधी तीन आठवडे आमच्या पार्किंगमध्ये पुढच्या चाकाजवळ हिरवट डाग पडत होता. मी तो रोज पाहत होतो आणि एसीचं पाणी असेल म्हणून सोडून देत होतो.

त्यानंतर सहा वर्षांत ही गाडी रस्त्यात एकदाही उभी राहिलेली नाही. मी मेकॅनिक नाही. डाग दिसला की खाली वाकून बघायचं, एवढंच त्या दिवशी शिकलो. वडिलांची, मामांची किंवा सेकंडहँड घेतलेली दहा-पंधरा वर्षांची गाडी नुकतीच तुमच्याकडे आली असेल, तर सुरुवात कुठून करायची ते क्रमाने सांगतो.

पहिलं काम : वही

शंभर पानी वही घ्या आणि गाडीच्या ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवा. पहिल्या पानावर आजची तारीख, मीटरचा आकडा, आरसीवर लिहिलेली नोंदणीची मुदत, विमा आणि पीयूसीच्या तारखा. दुसऱ्या पानापासून काय बदललं, कधी, किती किलोमीटरला, कोणत्या कंपनीचा पार्ट टाकला आणि किती पैसे गेले. मोबाइलवर लिहिलं तरी चालेल. मला वही बरी वाटते, कारण गॅरेजमध्ये फिटरच्या समोर उघडून ठेवता येते.

आधीच्या मालकाकडे सर्व्हिसची बिलं असतील तर मागून घ्या. ती मिळाली नाहीत आणि नुसतं “सगळं वेळेवर केलंय” असं उत्तर आलं, तर काहीच केलेलं नाही असं धरून चाला. गाडीचं छापील मॅन्युअल हरवलं असेल तर बहुतेक मॉडेलचं नेटवर मिळतं. तुमच्या इंजिनाला कोणत्या ग्रेडचं ऑइल, किती लिटर, टायरमध्ये किती हवा, हे त्यातच बघा. शेजाऱ्याच्या गाडीचे आकडे तुमच्या गाडीला लागू होत नाहीत.

दुसरं काम : एकदा सगळं शून्यावर आणा

इतिहास माहीत नसलेल्या गाडीत पहिल्या महिन्यातच इंजिन ऑइल आणि ऑइल फिल्टर, एअर फिल्टर, कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव), ब्रेक ऑइल, पेट्रोल गाडी असेल तर स्पार्क प्लग, आणि फॅन बेल्ट एवढं बदलून घ्या. सोबत गिअर ऑइलची पातळी आणि रंग बघायला सांगा. एकदम खर्च होतो, मान्य आहे. पण त्या दिवसापासून प्रत्येक वस्तूचं वय तुम्हाला माहीत असतं आणि पुढचा हिशेब सोपा होतो.

इथेच टायमिंग बेल्टचा प्रश्न येतो, आणि तो नवख्यांना कुणी विचारत नाही. इंजिनाच्या वरच्या आणि खालच्या भागाची हालचाल एका तालात ठेवणारा हा पट्टा. काही इंजिनांत त्याच्या जागी लोखंडी चेन असते. मारुती ८००, जुनी अल्टो, २०१०च्या आधीची वॅगन-आर, सँट्रो यांना बेल्ट आहे. मारुतीची के-सिरीज पेट्रोल इंजिनं आणि १.३ लिटरचं मल्टिजेट डिझेल यांना चेन. चेनला ठरावीक मुदत नसते, मात्र ऑइल वेळेवर बदललं नाही तर तीही सैल होऊन खडखडते. बेल्ट साधारण ८० हजार ते १ लाख किलोमीटरला बदलायचा असतो, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतो. गाडी कमी फिरली असली तरी रबराचं वय वाढतच राहतं, त्यामुळे बारा वर्षांची गाडी ५० हजारच चालली आहे म्हणून निर्धास्त राहू नका. तो बाहेरून दिसत नाही, तुटण्याआधी बहुधा आवाजही करत नाही, आणि तुटला की अनेक इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून वाकतात. मग इंजिनाचा वरचा भाग, म्हणजे हेड, उतरवावं लागतं. बेल्ट बदलताना त्याला ताणून ठेवणारं टेन्शनर बेअरिंग त्याच वेळी टाका, आणि वॉटर पंप त्याच बेल्टवर चालत असेल तर तोही तपासून घ्या, कारण उघडण्याची मजुरी एकदाच द्यायची असते.

तिसरं काम : रविवारची वीस मिनिटं

रात्रभर उभी असलेली, थंड गाडी. सपाट जागा. चहा पिण्याआधी हे उरकतं.

बॉनेट उघडण्याआधी खाली वाका आणि गाडीखालची जमीन बघा. हवं तर आदल्या रात्री जुनं वर्तमानपत्र सरकवून ठेवा, डागाचा रंग कागदावर नीट कळतो. एसीचं पाणी बिनरंगी, बिनवासाचं असतं आणि एसी लावून आल्यावरच पडतं. काळं-तपकिरी, बोटांना बुळबुळीत लागतं ते इंजिन किंवा गिअरचं ऑइल. हिरवं, गुलाबी किंवा निळं पातळ पाणी म्हणजे कूलंट. चाकाच्या आतल्या बाजूने पिवळसर, तेलकट ओघळ आला असेल तर तो ब्रेक ऑइलचा असू शकतो. अशी गाडी गॅरेजपर्यंतसुद्धा चालवत नेऊ नका, फिटरला घरी बोलवा.

मग ऑइलची पट्टी, म्हणजे डिपस्टिक. ओढून काढा, जुन्या बनियनच्या फडक्याने कोरडी पुसा, पूर्ण आत घाला आणि परत काढा. पहिल्यांदा काढल्यावर जे दिसतं त्यावर विश्वास ठेवू नका, गाडी चालताना ऑइल सगळीकडे उडालेलं असतं. खालच्या आणि वरच्या खुणेच्या मध्ये ऑइल हवं. वरच्या खुणेच्या पलीकडे भरणंही वाईट, जास्तीच्या ऑइलला फेस येतो आणि सील गळायला लागतात. रंग काळा असला म्हणून घाबरू नका, काम करणारं ऑइल काळं होतंच. घाबरायचं ते दुधाळ चहासारख्या रंगाला. कूलंट ऑइलमध्ये मिसळतंय, हेडखालची सील, म्हणजे हेड गॅस्केट, गेली असण्याची शक्यता आहे. पेट्रोलचा वास येत असेल तर तेही फिटरला सांगा.

जुनं इंजिन थोडं ऑइल खातं. दर रविवारी पट्टी बघून वहीत लिहिलंत की किती खातं ते कळतं. आमची गाडी हजार किलोमीटरला साधारण पाव लिटर घेते, गेली दोन वर्षं तेवढंच, म्हणून मी ते मनाला लावून घेत नाही. अचानक दुप्पट झालं तर लावून घेईन. ऑइल बदलण्याची मुदत कंपनी बहुतेक गाड्यांना १० हजार किलोमीटर किंवा एक वर्ष सांगते. जुनी गाडी शहरात, सिग्नल-सिग्नल करत फिरत असेल तर ५ हजारांना किंवा सहा महिन्यांनी बदला. इंजिनावर करता येण्याजोगा याहून स्वस्त उपकार नाही.

बॅटरीच्या टोकांवर मोरचुदासारखी निळी-हिरवी किंवा पांढरी भुकटी साठली असेल तर कोमट पाण्यात खायचा सोडा घालून जुन्या टूथब्रशने धुवा. बऱ्याच गाड्यांना १० नंबरचा पाना लागतो. काढताना निगेटिव्ह आधी, लावताना निगेटिव्ह शेवटी. कोरडं झालं की टोकांना पेट्रोलियम जेली चोपडा. दोन-चारशे रुपयांचा मल्टिमीटर घेऊन ठेवा. रात्रभर उभ्या गाडीत चांगली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. १२.२ च्या खाली असेल तर तिला चार्जिंग कमी पडतंय किंवा तिचं आयुष्य संपत आलंय. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ यायला हवेत. तेवढे आले नाहीत तर दोष बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरमध्ये शोधा. नाहीतर लोक बॅटरी बदलतात आणि पंधरा दिवसांनी नवी बॅटरीही बसते.

टायरची हवा थंड असतानाच, म्हणजे पेट्रोल पंपावर दहा किलोमीटर जाऊन भरण्यापेक्षा घराजवळ. किती भरायची तो आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेला असतो. टायरच्या बाजूला डॉट अक्षरांच्या पुढे, शेवटी चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३वा आठवडा. सेकंडहँड गाडीत नक्षी भरपूर आणि टायर मात्र आठ वर्षांचे, असं हमखास सापडतं. कडेला बारीक भेगा दिसल्या तर नक्षीकडे न बघता बदला. स्टेपनीची तारीख आणि हवा बघायला विसरू नका.

गाडी गरम होणं

यावर जरा जास्त लिहितो, कारण जुन्या गाडीचं इंजिन कायमचं जातं ते बहुतेक वेळा इथेच.

कूलंट म्हणजे नुसतं हिरवं पाणी नव्हे. त्यात गंज रोखणारी रसायनं असतात आणि त्याचा उत्कलनबिंदू पाण्यापेक्षा जास्त असतो. बऱ्याच कूलंटमध्ये दोन वर्षांत ती रसायनं संपतात. आमच्या गाडीत कुणीतरी कधीतरी विहिरीचं पाणी भरलं होतं. रेडिएटर खोलल्यावर आतल्या नळ्यांमध्ये हंड्याच्या बुडाशी साठतो तसा पांढरा क्षार होता. त्यामुळे भरायचं ते मॅन्युअलमध्ये सांगितलेलं कूलंट, तयार मिश्रण नसेल तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये निम्मं-निम्मं. रिझर्व्ह बाटलीतली पातळी दोन खुणांच्या मध्ये हवी. दर महिन्याला भर घालावी लागत असेल तर ते कुठेतरी जातंय: होज, रेडिएटर, वॉटर पंप, नाहीतर थेट सिलिंडरमध्ये. शेवटच्या प्रकारात सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येतो आणि इंजिन गरम झालं तरी थांबत नाही. थंडीतल्या सकाळी पहिली दोन मिनिटं येणारी वाफ वेगळी, तिची काळजी नको.

होज थंड असताना बोटांनी दाबून बघा. ताज्या काकडीसारखा घट्ट पण दबणारा हवा. लिबलिबीत, दगडासारखा कडक, किंवा क्लॅम्पजवळ फुगलेला असेल तर बदला. वरचा बदलताना खालचाही बदला, दोघांचं वय एकच आहे.

एक गोष्ट कानावर नक्की येईल: “थर्मोस्टॅट काढून टाकू, आपल्या हवेत लागत नाही, गाडी थंड राहील.” हे ऐकू नका. थर्मोस्टॅट इंजिनाला योग्य तापमानावर आणतो आणि तिथे ठेवतो. तो काढला की इंजिन गरजेपेक्षा थंड चालतं, पेट्रोल जास्त पितं, झिजतंही लवकर. अडकला असेल तर नवा टाका, तो महाग नसतो.

घाटात काटा चढायला लागला तर आधी एसी बंद करा, हीटर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर जोरात लावा. उन्हाळ्यात नकोसं होतं, पण हीटर हा एक छोटा रेडिएटरच आहे, तो इंजिनाची उष्णता बाहेर काढतो. सुरक्षित जागा दिसताच थांबा. काटा लालमध्ये गेला किंवा वाफ दिसली तर इंजिन लगेच बंद, “पुढच्या हॉटेलपर्यंत” हा विचार नको. बॉनेट उघडून अर्धा-पाऊण तास वाट बघा. रेडिएटरचं झाकण गरम असताना कधीही उघडू नका, आतलं पाणी दाबाखाली असतं आणि थेट तोंडावर येतं. तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतू नका, ॲल्युमिनियमचं हेड वाकतं किंवा तडकतं. निवल्यावर कूलंट नसेल तर पिण्याच्या पाण्याची बाटली भरून गॅरेज गाठायला हरकत नाही, तेवढ्यासाठी साधं पाणी चालतं. नंतर मात्र सगळं काढून कूलंट भरून घ्या.

आवाज ओळखायला शिका

महिन्यातून एकदा, रिकाम्या रस्त्यावर, गाणी बंद आणि काचा खाली. स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू जाताना कट-कट-कट आवाज आला तर एक्सल जॉइंट. बरेचदा त्याच्यावरचा रबरी बूट महिनाभर आधी फाटलेला असतो आणि चाकाच्या आत ग्रीस उडालेलं दिसतं. तेव्हाच बूट बदलला तर शेकड्यांत भागतं. वेगाबरोबर वाढत जाणारी घूंऽऽ म्हणजे व्हील बेअरिंग. खड्ड्यात खडखड आली तर लिंक रॉड, बुश किंवा शॉकअप, आणि सकाळी सुरू करताना किंचाळी ऐकू आली तर फॅन बेल्ट. ब्रेक दाबल्यावर चीं झालं तर पॅड संपत आलेत. खर्रर्र झालं तर संपले, आता डिस्क खाल्ली जातेय.

क्लच तपासायचा असेल तर वरच्या गिअरमध्ये चढावर ॲक्सिलरेटर दाबा. इंजिनाचा आवाज वाढतो पण गाडी वेग धरत नाही, म्हणजे क्लच प्लेट सरकतेय. ब्रेक ऑइल हवेतली वाफ शोषतं, म्हणून दर दोन वर्षांनी बदलायचं, मग गाडी कितीही कमी फिरलेली असो. घाट उतरताना जुनं ब्रेक ऑइल तापून उकळलं की पेडल स्पंजासारखं खाली जातं. ते एकदा अनुभवलेला माणूस पुन्हा मुदत चुकवत नाही.

पेट्रोलचा वास आला तर त्याच दिवशी बघा. २०२३पासून पंपांवर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल येऊ लागलं आणि जुन्या गाड्यांचे रबरी पाइप, सील त्यासाठी बनवलेले नाहीत. पेट्रोलचे पाइप बदलताना इथेनॉल चालणारेच मागा. इथेनॉल पाणीही ओढून घेतं, त्यामुळे पावसाळ्यात गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी रिकामी ठेवू नका.

पावसाआधी आणि पावसात

आमच्याकडे कोकणात गाडी इंजिनाने मरत नाही, पत्र्याने मरते. खारी हवा आणि चार महिने चिखल. मे महिन्यात गाडी लिफ्टवर चढवून खालून धुऊन घ्या, वाळू द्या, मग अंडरबॉडी कोटिंग. ओल्या किंवा गंजलेल्या पत्र्यावर कोटिंग मारलं तर गंज आत झाकला जातो आणि निवांत पसरतो. दारांच्या खालच्या कडेला पाणी निघायची छोटी भोकं असतात, ती मातीने बुजतात. तारेने मोकळी करा. वायपरखालच्या जाळीत आंब्या-फणसाची पानं कुजतात आणि पाणी पायाशी येतं, तीही काढा. चटई उचलून खाली हात फिरवा, ओल लागली तर कारण शोधल्याशिवाय परत टाकू नका.

पावसाळ्यात गाडी आठवडाभर उभी राहणार असेल तर हँडब्रेक ओढून ठेवू नका, मागच्या ब्रेकचे लायनर ड्रमला चिकटतात. सपाटीवर पहिल्या गिअरमध्ये ठेवा आणि चाकाला दगड लावा. गाडी साचलेल्या पाण्यात बंद पडली तर पुन्हा सेल्फ मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी गेलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि तो खर्च गाडीच्या किमतीच्या जवळ जातो. ढकलून बाहेर काढा.

फिटर

घरापासून जवळ असलेला, जुन्या गाड्यांवर हात बसलेला एक फिटर धरा आणि त्याच्याकडेच जात राहा. “गाडी चेक करून द्या” असं मोघम न सांगता काय होतं, कधी होतं, थंड असताना की गरम, किती वेगाला, ते वहीतून वाचून दाखवा. बदललेला जुना पार्ट परत मागा. चांगला फिटर तो न मागता दाखवतो. एका वेळी एकच दोष दुरुस्त करून घ्या, नाहीतर कशाने बरं झालं ते कळत नाही. स्वस्तातला पार्ट सीटकव्हरला चालेल, ब्रेक, स्टिअरिंग, कूलिंग आणि बेल्टला नाही.

कागद

खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यानंतर आरटीओत गाडी दाखवून पासिंग करून घेतलं की पाच वर्षांनी वाढते. मुदत संपण्याच्या ६० दिवस आधीपासून अर्ज करता येतो. एप्रिल २०२२पासून कारच्या नूतनीकरणाची फी ६०० रुपयांवरून ५,००० झाली, महाराष्ट्रात पर्यावरण कर वेगळा भरावा लागतो, आणि उशीर झाला की दर महिन्याला दंड चढतो. १ एप्रिल २०१९च्या आधीच्या गाड्यांना नवी उच्च सुरक्षा नंबरप्लेट लागते, ती आधी लावून घ्या. सीएनजी असेल तर सिलिंडरची हायड्रो टेस्ट, म्हणजे दाबाची तपासणी, दर तीन वर्षांनी, आणि तिची तारीख पीयूसीच्या शेजारी वहीत.

पासिंगच्या आधी गाडी लिफ्टवर चढवा आणि फिटरला स्क्रू-ड्रायव्हरचं टोक दारांखालच्या पट्टीवर, जॅक लावायच्या जागांवर आणि सस्पेन्शन जिथे बॉडीला बसतं तिथे टोचून बघायला सांगा. टणक लागलं तर पुढची पाच वर्षं खुशाल खर्च करा. इंजिन, गिअरबॉक्स, क्लच सगळं परत उभं करता येतं. टोक आत गेलं आणि एकाच जागी गेलं तर चांगला टिंकर तेवढा पत्रा कापून नवा जोडून देतो. दोन्ही बाजूंना आत जात असेल तर त्या गाडीत आई-मुलांना बसवू नका. नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रात द्या, तिथून मिळणारं सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट जपून ठेवा आणि आरटीओत नोंदणी रद्द झाल्याची खात्री स्वतः करा. आमच्या गाडीची ही तपासणी २०२३ मध्ये झाली. डाव्या बाजूच्या जॅक पॉइंटला टोक जरासं आत गेलं, तिथे वीतभर पत्रा जोडला, आणि वहीत पुढची तारीख २०२८ लिहिली आहे.